हातपाय धड, लायसन गेलं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नंतर पाहुणे, नंतर कंटाळा. आज मात्र लिहिणं भाग आहे, कारण गेल्या रविवारी आमच्या घरी सत्यनारायणाच्या प्रसादानंतर एक वाद सुरू झाला आणि तो अर्धवट राहिला. शिरा संपला, पाहुण्यांची एसटी होती, सगळे पांगले. माझं बोलणं तसंच पोटात राहिलं. ते आज इथे ओतते. घरचे वाचतीलच.

वाद कशावरून? तर माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, आपण त्याला निखिल म्हणू (नाव बदललं आहे, घरच्यांना कळेलच, आणि त्याला विचारूनच लिहिते आहे), हा एका विमान कंपनीत सहवैमानिक आहे. वय ३२. वैमानिक व्हायला त्याने साठ लाखांचं कर्ज काढलं, त्याचा हप्ता दरमहा ८२-८३ हजार जातो. त्याच्यासमोर एका पॉलिसीचे कागद होते. वैद्यकीय कारणाने उडण्याचं लायसन गेलं तर पैसे देणारी पॉलिसी. वर्षाचा प्रीमियम साधारण ७५ हजार.

भाऊजी, म्हणजे निखिलचे वडील, बँकेतून निवृत्त झालेले. आमच्या घरात पैशाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी कागद चाळले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "वहिनी, हे पैसे पाण्यात. पोरगा धडधाकट आहे. त्यापेक्षा तेवढीच रक्कम एसआयपीत टाकली तर बारा टक्क्यांनी पासष्टाव्या वर्षी अडीच कोटी होतात. विमा कंपनी काय देणार? काही झालं नाही तर शून्य!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मराठीची मास्तरीण, मला चक्रवाढ व्याज काय कळणार? पण मी नववीला वर्गशिक्षिका होते आणि बदली तासाला गणितही घेतलं आहे. तर भाऊजी, तुमचं गणित तपासायला घेते. लाल पेन काढलं आहे. :)

आधी ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. विमान चालवण्याचा परवाना एकदा मिळाला की झालं, असं नसतं. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी लागते. ती आपल्याकडे दर वर्षी, आणि साठीनंतर दर सहा महिन्यांनी. डोळे, कान, रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख, सगळं पाहतात. त्यात डॉक्टरांनी 'तात्पुरता अनफिट' असं लिहिलं की त्या दिवसापासून विमानाला हात लावायचा नाही. 'कायमचा अनफिट' लिहिलं की संपलं. वैमानिकाला पासष्टाव्या वर्षापर्यंत प्रवासी विमान उडवता येतं, म्हणजे कागदावर निखिलची ३३ वर्षांची नोकरी उरली आहे. प्रत्यक्षात दर वर्षी एका टेबलावर ती पणाला लागते.

आता माझं सांगते. १९९४ साली माझा आवाज गेला. स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, तीन महिने एक अक्षर बोलायचं नाही. मास्तरणीला! मी वैद्यकीय रजा टाकली, पगार चालू राहिला. परत आले तरी आवाज घोगराच होता, तर हेडसरांनी वर्षभर माझे तास कमी करून ग्रंथालय माझ्याकडे दिलं. पुस्तकांना पुठ्ठे घातले, नोंदवह्या लिहिल्या. एक रुपया कमी झाला नाही. ह्यांच्या एकट्याच्या पगारावर घर ओढायची वेळ आली नाही, मुलांची शाळा सुटली नाही. आणि तेव्हा मला त्यात विशेष असं काही वाटलंही नव्हतं!

सरकारी नोकरांसाठी तर हे कायद्यातच आहे. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यातलं ४७ वं कलम आणि त्यानंतर आलेल्या २०१६ च्या कायद्यातलं २० वं कलम सांगतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून माणसाला काढता येणार नाही, त्याचा दर्जा खाली आणता येणार नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्या. भाऊजींच्याही सरकारी बँकेच्या नोकरीला ही ऊब होती. आम्ही दोघं आयुष्यभर छपराखाली राहिलो आणि आता पावसात उभ्या असलेल्या पोराला सांगतो आहोत की छत्रीचे पैसे कशाला घालवतोस!

कारण निखिलला हे कलम नाही. तो खाजगी कंपनीत आहे. आणि त्याहून मोठी गोम म्हणजे वैमानिकाचं लायसन जाणं हे कायद्याच्या भाषेत बहुतेक वेळा अपंगत्वच नसतं. तो चालतो, बोलतो, भाजी आणतो, पोराला शाळेत सोडतो. कुणी बघितलं तर म्हणेल, याला काय धाड भरली आहे? हातपाय धड, लायसन गेलं. असा माणूस कुठल्याच रकान्यात बसत नाही.

तेव्हा भाऊजी, 'पोरगा धडधाकट आहे' हे तुमचं पहिलं वाक्यच चुकीचं आहे. वैमानिकाने धडधाकट असणं आणि आपण धडधाकट असणं यांची मापं निराळी. तुम्हाला रक्तदाब आहे, साखर आहे, डावा कान जरा मंद आहे, तरी तुम्ही बँकेचे ताळेबंद शेवटच्या दिवसापर्यंत चोख लावलेत. यातलं किती निखिलला चाललं असतं?

मागच्या वर्षीचा प्रसंग आठवा. निखिलला मुतखडा झाला. आमच्या गल्लीत दर चौथ्या घरात कुणाला ना कुणाला झालेला असतो. कुळथाचं कढण प्यायचं, ताक प्यायचं आणि कण्हत ऑफिसला जायचं. पण विमान चालवताना मधेच कळ आली तर? म्हणून वैमानिकाला खडा म्हणजे तात्पुरता अनफिट. तो बाहेर पडेपर्यंत, पुन्हा सोनोग्राफी होईपर्यंत, कागद वर जाऊन खाली येईपर्यंत घरी. निखिल अडीच महिने घरी बसला. त्याच्या कंपनीत पगाराचा मोठा भाग उडालेल्या तासांवर असतो. तास नाहीत तर तेवढे पैसेही नाहीत. कर्जाचा हप्ता मात्र आपल्या तारखेला हजर.

त्या दिवसांत तो दोन रात्री आमच्याकडे राहायला आला होता. रात्री ओट्यापाशी उभा राहून दूध पीत होता. मला म्हणाला, "काकू, पहिली कळ आली तेव्हा माझी चार दिवस सुट्टी होती. ते चारही दिवस मी गोळ्या खाऊन गप्प बसलो. डॉक्टरकडे गेलो नाही. वाटलं, पडून गेला तर कुणाला सांगायलाच नको." पाचव्या दिवशी त्याने स्वतःहून कंपनीला कळवलं. मला त्याचा अभिमान वाटतो. पण ते चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. हा सुसंस्कारी मुलगा, लहानपणी पाटीवरचा पुसलेला शब्दसुद्धा 'काकू, मी पुसला' म्हणून सांगणारा. त्याला चार दिवस गप्प कुणी बसवलं? खड्याने नाही, त्या ८२ हजारांनी बसवलं. हे पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

आता एसआयपीचं गणित. भाऊजींचे अडीच कोटी बरोबर आहेत, मी नातवाकडून मोजून घेतले. पण ते अडीच कोटी केव्हा? निखिल ३३ वर्षं सलग उडाला तर. म्हणजे ज्या संकटासाठी आपण तरतूद करतो आहोत ते संकट येणारच नाही, असं धरून तरतूद पुरेशी असल्याचं तुम्ही सिद्ध केलंत! समजा लायसन तिसऱ्या वर्षाच्या शेवटी गेलं. तेव्हा एसआयपीत जमले असतील अडीच लाखांच्या आसपास. कर्जाचे तीन हप्ते. चौथ्या महिन्यापासून काय? भाऊजी, तुमच्या बँकेने तेव्हा 'पासष्टाव्या वर्षी अडीच कोटी देईन' या बोलीवर कर्ज थांबवलं असतं का? तुम्हीच नोटीस पाठवली असतीत.

बचत ही हळूहळू उंच होणारी भिंत. विमा ही पहिल्या दिवसापासून पूर्ण उंचीची भिंत, भाड्याने घेतलेली. भाड्याचे पैसे परत मिळत नाहीत म्हणून रडायचं नसतं. आपली स्वतःची भिंत पुरेशी उंच झाली की भाडं बंद करावं. त्यासाठी दोन्ही लागतात, आणि सुरुवातीच्या वर्षांत विमा जास्त लागतो.

रविवारी आमच्या नणंदबाईंनी दुसरा मुद्दा काढला. "त्याचा टर्म प्लॅन आहे, मेडिक्लेम आहे, अपघाती विमाही आहे. आणखी किती विमे काढायचे?" प्रश्न रास्त आहे. म्हणून एकेक पाहू. टर्म प्लॅन माणूस गेल्यावर पैसे देतो. मेडिक्लेम दवाखान्याचं बिल देतो. अपघाती विमा अपघाताने हात, पाय, डोळा गेला तर देतो. आता या तिघांच्या मधल्या फटीत पाहा. माणूस जिवंत आहे, दवाखान्यातून घरी आला आहे, अपघात नव्हता, आजार होता, आणि लायसन गेलं आहे. तिघेही हात वर करतात. वैमानिकाला खरी भीती या फटीची, आणि नेमकी तीच तीन पॉलिसींनी झाकलेली नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूरच्या विमानतळावर एक वैमानिक पुण्याचं विमान घेऊन निघायच्या आधी बोर्डिंग गेटपाशीच कोसळले आणि गेले. बातमी वाचून मी बराच वेळ सुन्न बसले होते, कारण निखिलही त्या वाटेने जातो. पण मनात आलेला पुढचा विचार सांगते, कठोर वाटला तरी. असा माणूस देवदयेने वाचला तर? घरचे पेढे वाटतील, वाटावेतच. पण महिन्याभराने पगाराचं काय, हा प्रश्न उभा राहील, आणि माणूस गेल्यावर पैसे देणारी पॉलिसी तेव्हा काहीही देणार नाही. मेला तर विमा, जगला तर कर्ज. हा कुठला न्याय?

आता विमा कंपन्यांकडे वळते, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल म्हातारीने एजन्सी घेतली. भाऊजींचा अविश्वास अगदीच खोटा नाही. या पॉलिसीत सगळं एका शब्दाच्या व्याख्येवर असतं, आणि भाषा शिकवण्यात जन्म गेलेला असल्यामुळे व्याख्येचं मोल मला कळतं. 'अपंगत्व' म्हणजे काय? 'स्वतःचा व्यवसाय करता न येणं' की 'कुठलाही व्यवसाय करता न येणं'? एका शब्दाचा फरक. पहिल्या व्याख्येत कानात सतत शिट्टी वाजते म्हणून अनफिट झालेल्या वैमानिकाला पैसे मिळतात. दुसऱ्या व्याख्येत कंपनी म्हणते, तुम्ही वर्गात शिकवू शकता, दुकान चालवू शकता, मग कसलं अपंगत्व? अमेरिकेतल्या दीर्घकालीन अपंगत्वाच्या कितीतरी पॉलिसींत पहिली दोन वर्षं 'स्वतःचा व्यवसाय' आणि पुढे 'कुठलाही व्यवसाय' अशी व्याख्या बदलते. म्हणजे दोन वर्षांनी माणूस तोच, आजार तोच, फक्त शब्द बदलला आणि पैसे बंद. असली पॉलिसी वैमानिकाने घेऊ नये, फुकट मिळाली तरी तिच्यावर विसंबू नये. त्याला 'लायसन गेलं' हीच अट असलेली पॉलिसी हवी.

"पण कंपनीचा गट विमा असतो की," असं आमचा जावई म्हणाला. असतो, निखिललाही आहे. पण तो कंपनीचा आहे, निखिलचा नाही. घर फिरलं की वासेही फिरतात. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री उतरलं. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. अकरा वर्षांत तीन मोठी नावं. नोकरीला बांधलेला गट विमा नोकरीबरोबर जातो. आणि नेमक्या त्याच वेळी, चाळिशीच्या पुढे, थोडी साखर, थोडा रक्तदाब घेऊन नवी पॉलिसी मागायला गेलं की विमा कंपनी कपाळाला आठ्या घालते. म्हणून गट विमा मिळतो तो घ्यावा, पण तो किती रकमेचा आहे ते पाहून उरलेली फट स्वतःच्या नावावरच्या पॉलिसीने बुजवावी.

भाऊजींच्या बाजूचंही प्रामाणिकपणे मांडते. हा विमा सरसकट सगळ्यांनी घ्यावा असं माझं म्हणणं नाही. ज्याचं वय साठ आहे, कर्ज फिटलं आहे, मुलं मार्गी लागली आहेत, पाच वर्षांचा खर्च बाजूला आहे, त्याने एवढा प्रीमियम भरण्यात अर्थ नसेल. वय वाढतं तसा प्रीमियम वाढतो आणि पुष्कळ पॉलिसींत शेवटच्या वर्षांत मिळणारी रक्कम कमी होत जाते. त्याची भिंत बांधून झाली आहे. त्याने भाडं थांबवावं. पण बत्तीस वर्षांचा, डोक्यावर कर्ज, घरी लहान मूल आणि हातात एकच विद्या असलेला माणूस, त्याच्यासाठी हा विमा पैसे पाण्यात घालणं आहे असं जो म्हणेल त्याला मी नापास करीन.

निखिलला मी पाच प्रश्न लिहून दिले आहेत, एजंटला विचारायला. इतर कुणाच्या घरी वैमानिक असेल तर उपयोगी पडतील म्हणून इथेही देते.

१. पैसे 'लायसन गेलं' यावर मिळतात की 'कुठलंच काम जमत नाही' यावर?

२. आजाराने गेलं तरी मिळतात ना, की फक्त अपघाताने?

३. तात्पुरता अनफिट असताना काही मिळतं का, आणि किती महिने थांबल्यावर?

४. मानसिक आजार वगळला आहे का?

५. नोकरी बदलली किंवा कंपनी बंद पडली तर पॉलिसी चालू राहते का?

उत्तरं तोंडी घेऊ नयेत. पॉलिसीच्या कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगावं. तिथेच निम्मे एजंट चहा अर्धा टाकून उठतात.

चौथ्या प्रश्नापाशी जरा थांबते, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. इतका वेळ मी निखिलच्या पैशांबद्दल बोलले. आता तुमच्या-माझ्या जिवाबद्दल बोलते.

२४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज कंपनीचं बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेलं विमान फ्रान्समधल्या आल्प्स पर्वतावर आदळलं. १५० माणसं गेली. सहवैमानिकाने कॅप्टन बाहेर गेल्यावर कॉकपिटचं दार आतून बंद केलं आणि विमान जाणूनबुजून खाली नेलं. तो मानसिक आजाराने ग्रासलेला होता आणि त्याने ते कंपनीपासून लपवलं होतं. इथवर सगळ्यांना माहीत आहे. पण फ्रान्सच्या अपघात चौकशी संस्थेने २०१६ च्या मार्चमध्ये जो अंतिम अहवाल दिला त्यातला एक भाग वर्तमानपत्रांत फारसा आला नाही. त्याने प्रशिक्षणासाठी साधारण ४१ हजार युरोंचं कर्ज काढलं होतं. लायसन गेल्यास उत्पन्न बुडेल, त्यासाठीचा जादा विमा त्याच्याकडे नव्हता. आधीच्या आजारपणामुळे त्याच्या वैद्यकीय दाखल्यावर शेरा होता आणि त्या शेऱ्यामुळे असा विमा मिळणं अवघड झालं आहे, असं त्याने डिसेंबर २०१४ मध्ये एका ईमेलमध्ये लिहिलं होतं. वैमानिक आपलं आजारपण का सांगत नाहीत, याच्या कारणांत त्या अहवालाने लायसन जाण्याची भीती आणि विम्याअभावी होणारं आर्थिक नुकसान ही दोन्ही नोंदवली. शिफारस केली ती अशी की लायसन गेलेल्या वैमानिकाच्या आर्थिक-सामाजिक धोक्यावर कंपन्यांनी उपाय करावेत.

मी असं म्हणत नाही की विमा असता तर ती १५० माणसं वाचली असती. ते कुणीच सांगू शकत नाही. आणि नैराश्य आलेली माणसं इतरांना मारत सुटत नाहीत, हेही स्पष्ट सांगते. आपल्या सगळ्यांच्या घरात अशी माणसं होऊन गेली, आहेत. मुद्दा एवढाच की जी व्यवस्था खरं बोलणाऱ्याला उपाशी ठेवते ती खोटं बोलायला शिकवते. आजारी असल्याचं सांगणाऱ्याचा पगार बंद आणि लपवणाऱ्याचा चालू, असं असेल तर माणसं काय करतील? मी वर्गात पाहिलं आहे. खरं सांगणाऱ्या मुलाला छडी मिळाली की दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग शहाणा होतो.

अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीनेही २०२४ मध्ये वैमानिक मानसिक आजार का लपवतात ते तपासलं, आणि भीती, अविश्वास, कलंक यांच्या बरोबरीने पैसा हेही कारण लिहिलं. युरोपातही वैमानिकांना मदत करणारे सहकारी गट कायद्याने आवश्यक झाले. आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की वैद्यकीय विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच वागवा. चांगला कायदा आहे. पण तो उपचाराच्या विम्याबद्दल बोलतो. उपचार मिळतील हो, पण उपचार घेतले म्हणून उडणं थांबलं, तर त्या महिन्यांचं काय? त्याची सोय झाल्याशिवाय कोण डॉक्टरच्या दारात जाणार?

म्हणून माझं म्हणणं असं. हा विमा घ्यावा की नाही, हा प्रश्न एकट्या निखिलवर आणि त्याच्या वडिलांवर टाकणं हीच मुळात चूक आहे. विमानाच्या चाकांचा खर्च कंपनी करते, ब्रेकचा करते, दर ठरावीक तासांनी इंजिन उघडून पाहते. पुढे बसलेल्या माणसाला 'मला बरं नाही' हे न भिता सांगता यावं याचा खर्च मात्र त्या माणसाने स्वतःच्या खिशातून करायचा? तोही सुरक्षेचाच खर्च आहे. विमान कंपन्यांनी तो उचलावा, पुरेशा रकमेचा उचलावा, मानसिक आजार न वगळता उचलावा, आणि सरकारने तशी अट घालावी. तिकीट थोडं महाग झालं तर होऊ दे. चार रुपये जास्त देऊन खरं बोलणारा वैमानिक मिळत असेल तर मी देईन. खिडकीच्या जागेला आपण नाही का जास्तीचे पैसे देत?

हे होईल तेव्हा होईल. तोवर निखिलने स्वतःचा विमा घ्यावा, आणि लवकर घ्यावा.

लवकर का, तेही सांगते. रविवारी मी सगळ्यांसमोर बोलले नाही, पण भाऊजी, आता बोलते. हेच कागद निखिलने दोन वर्षांपूर्वी आणले होते. तेव्हाही तुम्ही चष्मा वर करून 'पाण्यात' म्हणाला होतात, आणि मीही गप्प बसले होते, कारण पैशाच्या गोष्टीत आपण कशाला बोला, असं मला वाटलं. मधे मुतखडा झाला. आता या नव्या पॉलिसीच्या तिसऱ्या पानावर छापलं आहे की मूत्रपिंडाच्या आणि मूत्रमार्गाच्या आजाराने लायसन गेलं तर पैसे मिळणार नाहीत. प्रीमियम तोच. विमा निरोगी माणसालाच मिळतो, आणि निरोगी माणसाला तो पाण्यात गेल्यासारखा वाटतो. तहान लागल्यावर विहीर खणता येते एकवेळ, पण ही विहीर तहान लागल्यावर खणूच देत नाहीत.

तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या त्या चुकीतला अर्धा वाटा माझा. तो मी भरते आहे. या वर्षीच्या प्रीमियमचे निम्मे पैसे माझ्या पेन्शनमधून निखिलच्या खात्यावर आज सकाळी पाठवले. बँकेतल्या मुलीने विचारलं, "आजी, नातवाला वाढदिवसाचे का?" म्हटलं, "नाही बाई, पुतण्याला खरं बोलता यावं म्हणून." ती हसली. तिला वाटलं आजी भ्रमिष्ट.

उरलेले निम्मे कुणी भरायचे ते भाऊजी, तुम्हाला कळतं. पंधरा तारखेची मुदत आहे. लाल पेन मिटते.